चौदा शून्यांची घासाघीस

व्हिक्टोरिया फॉल्सचं वर्णन तुम्हाला कुठेही मिळेल, त्यामुळे ते मी करत नाही. थोर आहे. भाड्याचा रेनकोट घालूनही माणूस आतपर्यंत भिजतो, आणि हॉटेलचे दर ऐकून उरलासुरला गार पडतो. मला सांगायचंय ते झिम्बाब्वेतून झांबियाकडे जाणाऱ्या 1905 सालच्या पुलाच्या वाटेवरच्या नोटवाल्याबद्दल.

त्या वाटेवर लाकडी पाणघोडे आणि तांब्याची कडी विकणारे चिकटतात तसे चिकटतात. मला त्यांचा वैताग आला होता. हा मात्र दगडावर बसून होता. मांडीवर प्लास्टिकची फाइल, प्रत्येक कप्प्यात झिम्बाब्वेच्या जुन्या डॉलरची नोट. शेवटच्या कप्प्यात शंभर ट्रिलियन. एकावर चौदा शून्यं, म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी. पुढे एकावर एक तोललेले दगड, मागे हाच धबधबा आणि एक रेडा.

"तीस डॉलर. अमेरिकन."

"रद्दीचे?" आई मराठीतच म्हणाली. आमच्या मातोश्री सहकारी बँकेत कॅशियर होत्या. नोट उजेडात धरून त्यांनी पाणचिन्हातला पक्षी शोधला, अंगठ्याने कडा चाचपली आणि "खरी आहे. दहा सांग," असा हुकूम सोडला.

घासाघीस करता करता तो बोलता झाला. पूर्वी शिक्षक होता. 2008 मध्ये पगार बँकेत यायचा, पण रोज काढायला मर्यादा. दिवसभर रांगेत उभं राहून जे हातात पडायचं, त्यात घरी जायचं बसभाडंही सुटत नसे. ही नोट जानेवारी 2009 मध्ये आली. फेब्रुवारीत सरकारने चलनावरची बारा शून्यं उडवली आणि एप्रिलमध्ये चलनच गुंडाळलं. 2015 मध्ये जुनी खाती मिटवली, तेव्हा 175 क्वाड्रिलियनपर्यंत (एक क्वाड्रिलियन म्हणजे हजार ट्रिलियन) शिल्लक असलेल्या प्रत्येकाला सरसकट पाच अमेरिकन डॉलर.

"पाच? व्याजासकट?" आईने विचारायला लावलं. तो इतका हसला की फाइल मांडीवरून घसरली.

2024 मध्ये 'झिग' नावाचं नवं चलन आलंय, पण आम्हाला सगळे भाव डॉलरमध्येच सांगत होते. 2014 मध्ये तर तिथल्या रिझर्व्ह बँकेने आपल्या रुपयालाही अधिकृत मान्यता दिली होती म्हणे! मी मोठ्या अभिमानाने पाचशेची काढली. त्याने गांधीजींकडे आदराने पाहिलं आणि नोट परत केली.

शेवटी सतरावर तुटलं. मी वीसची नोट पुढे केली, तर हा गृहस्थ कडेचा नखाएवढा फाटलेला भाग दाखवून म्हणतो, "ही चालणार नाही." स्वतः मेलेल्या नोटा विकतोय आणि आमची जिवंत नोट नाकारतोय! मी भडकले. आई मात्र त्याच्याच बाजूने. "बरोबर आहे त्याचं. मीसुद्धा घेतली नसती."

दुसरी वीसची दिली. तीन डॉलर परत यायचे होते. सुट्ट्यांचा दुष्काळ त्या गावात सगळीकडेच. आदल्या दिवशी एका दुकानात उरलेल्या पैशांच्या गोळ्या हातावर ठेवल्या होत्या. याने एकेक डॉलरच्या दोन नोटा काढल्या, इतक्या मळकट की वॉशिंग्टनचा चेहरा अंदाजाने ओळखायचा. तिसऱ्या डॉलरच्या जागी पन्नास अब्जांची कोरी नोट.

आईने तीही उजेडात धरून तपासली. मग त्याला परत दिली आणि डॉलर मागितला.