अ‍ॅफिनिटी स्ट्रॅट: सिरॅमिक काढून अल्निको, टाक्यापासून उंचीपर्यंत

सद्यस्थिती: तिन्ही नवे पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक-कॉइलचे भाग) बसले, वायरिंग पूर्ण, उंची जवळपास जमली. गिटार स्क्वायर अ‍ॅफिनिटी स्ट्रॅटोकास्टर, तीन सिंगल कॉइलवाली. तारा ०.००९ च्या (सर्वात बारीक तार ०.००९ इंच), आधीही आणि नंतरही त्याच मापाच्या. नेक, नट, ब्रिज यांना हात लावलेला नाही. अँप आणि केबलही तीच ठेवली. केबलची लांबी बदलली की तिची कपॅसिटन्स बदलते आणि वरचे सूर कमीजास्त होतात, मग फरक पिकअपचा की केबलचा हे कळतच नाही.

जुने आणि नवे

पिकगार्डचे (पिकअप आणि नॉब जिच्यावर बसतात त्या पुढच्या प्लॅस्टिक पट्टीचे) ११ स्क्रू काढून ते पालथं केलं की फरक डोळ्यांनीच दिसतो. जुन्या पिकअपमध्ये सहा पोल म्हणजे साध्या पोलादी कांड्या आणि त्यांच्या तळाशी चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. नव्यात प्रत्येक पोल हाच अल्निको ५ चा (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा) चुंबक, आणि तार थेट त्याच्याभोवती गुंडाळलेली.

मीटरवर दोन्ही ६ किलोओहमच्या आसपासच दिसतात. म्हणून नुसता रोधाचा आकडा बघून पिकअप निवडू नका. तो आकडा फक्त तांब्याच्या तारेबद्दल सांगतो, गाभ्याबद्दल नाही. पोलादी गाभ्यामुळे इंडक्टन्स वाढतो, रेझोनन्सचं शिखर (ज्या कंपनसंख्येला पिकअप सर्वात जोरात बोलतो ती) खाली येतं आणि आवाजाची धार बोथट होते. अल्निकोच्या गाभ्यात इंडक्टन्स कमी, शिखर वर, म्हणून कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते.

आकडा तापमानावरही हलतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ६.० दाखवणारा पिकअप मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत ६.३५ च्या जवळ जातो. डब्यावरच्या आकड्याशी तुमचं माप जुळलं नाही तर आधी खोलीचं तापमान बघा, पिकअप परत पाठवायची घाई नको.

काढण्याआधी

जुन्या वायरिंगचे फोटो काढा, स्विचचे जवळून. आयात मालातला स्विच बहुधा बंद डबीचा असतो आणि त्याच्या आठ पिना एका रांगेत असतात. नेटवरच्या बहुतेक आकृत्यांमध्ये चार-चार पिनांच्या दोन रांगांचा उघडा स्विच असतो. आकृती बघून पिना मोजत बसलात तर चूक ठरलेलीच.

पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे बदलते रोध) मोजा. २५० किलोओहमच्या पॉटला अधिक-उणे २० टक्के सूट असते, म्हणजे २०० ते ३०० मध्ये आलं तर ठेवा. इथे जुनेच ठेवले. मोठ्या अमेरिकन पॉटच्या मानेला ९.५ मिमीचं भोक लागतं, त्यासाठी पिकगार्ड रीमरने वाढवावं लागतं, आणि मग शाफ्टचे दाते वेगळे म्हणून जुने नॉब बसत नाहीत. अ‍ॅफिनिटीची बॉडी पातळ, त्यामुळे उंच स्विच घेणार असाल तर पोकळीची खोली आधी मोजा.

पहिल्या आणि सहाव्या पोलच्या मध्यांतलं अंतरही बघा. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपला ते ५२ मिमी असतं. जुनं कव्हर नव्या पोलवर दाबून बसवू नका. इथे कॉइल थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. पोल दाबला, सरकला, की आतले वेढे तुटतात आणि पिकअप मेला. तार केसापेक्षा जाड नसते, सुमारे ०.०६ मिमी. स्क्रूही नव्या पिकअपसोबत आलेलेच वापरा, कारण जुने बऱ्याचदा मेट्रिक आणि नवे इंची आट्यांचे असतात.

फेज आणि उलटा मधला

मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर पाच स्थितींच्या स्विचच्या २ आणि ४ स्थितीत, म्हणजे दोन पिकअप एकत्र वाजतात तिथे, विजेची घरघर बरीच कापली जाते. होकायंत्र पोलच्या वर धरा. मधल्याकडे सुईचं जे टोक ओढलं जातं, त्याच्या उलट टोक बाकी दोघांकडे ओढलं गेलं पाहिजे.

फेजसाठी, म्हणजे तिन्ही पिकअपचा सिग्नल एकाच दिशेने हलतो का हे बघायला, मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा, स्क्रूड्रायव्हरचं पातं पोलवर टेकवा आणि झटकन उचला. तिन्ही पिकअपवर पहिला झटका एकाच दिशेला आला पाहिजे, उलट्या मधल्यावरही. काटेवालं मीटर असेल तर हे फार स्वच्छ दिसतं. एखादा उलटा निघाला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. तसाच ठेवलात तर २ आणि ४ मध्ये आवाज पातळ आणि नाकातला येतो.

सोल्डरिंग

स्विचच्या पिनांना २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते, पॉटच्या पाठीला नाही. तिथे ६० वॅट किंवा तापमान लावता येणारी इस्त्री ३६० अंशांवर, रुंद टोकाची. कमी वॅटची इस्त्री अर्धा मिनिट दाबून धरली की आतला कार्बनचा पट्टा भाजतो आणि टाका तरीही कच्चाच राहतो. पाठ पॉलिश पेपरने खरवडा, आधी तिथे सोल्डरचा थर द्या, वायरलाही द्या, मग दोन्ही जोडा. तीन-चार सेकंदांत काम झालं पाहिजे. ६०/४० चं रोझिनवालं सोल्डर उत्तम. हे सगळं पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. टाका मळकट, दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा.

पिकअपच्या तळाच्या पट्टीवरच्या टाक्यांना मात्र हात लावू नका. कॉइलची बारीक टोकं तिथेच जोडलेली असतात. वायर आखूड पडली तर पुढे जोड द्या.

ट्रेमोलोच्या पंजाकडून (पाठीमागे स्प्रिंगा अडकवलेल्या धातूच्या पट्टीकडून) येणारी अर्थची वायर विसरू नका. तारांना हात लावला की घरघर वाढत असेल तर ही वायर सुटलेली असते किंवा जॅकवर दोन वायरी उलट लागलेल्या असतात.

बंद करण्याआधी

केबल जॅकमध्ये घाला, तिच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावा, व्हॉल्यूम १० वर. ६ किलोओहमचा पिकअप २५० च्या पॉटला समांतर, म्हणून ५.८६ च्या आसपास यायला हवा. २ आणि ४ स्थितीत दोन पिकअप समांतर, म्हणजे साधारण ३. तिथेही ६ दिसले तर दोघांपैकी एक जोडलेलाच नाही. सरळ २५० दिसले तर त्या स्थितीत पिकअपच नाही. शून्याजवळ आला तर शॉर्ट.

हा शॉर्ट बहुतेकदा पिकगार्ड खाली बसवल्यावरच होतो. पोकळीत शील्डिंगसाठी तांब्याची पट्टी लावलेली असते आणि स्विचची पिन किंवा जॅकचं टोक तिला टेकतं. स्विचसमोरच्या भिंतीवर इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले. पट्टी लावताना तुकडे एकमेकांवर चढवा आणि तुकड्यातुकड्यात कंटिन्युइटी तपासा, कारण सगळ्या पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेत नाही. एवढं करूनही एकच पिकअप वाजतो त्या १, ३ आणि ५ मध्ये थोडी घरघर राहतेच. शील्डिंग ट्यूबलाइट आणि डिमरची चरचर अडवतं, पण ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही.

उंची: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

जुन्या सिरॅमिक पिकअपची उंची नव्यांना लावली की गिटार बिघडल्यासारखी वाटते. पोलादी कांडीच्या टोकापेक्षा अल्निकोच्या दांड्याची ओढ तारेवर जास्त असते. जवळ ठेवलं तर जाड तार बाराव्या फ्रेटच्या वर एका सुरात स्थिर राहत नाही, दोन सूर एकमेकांवर घासल्यासारखे थरथरतात. ब्रिजचे सॅडल कितीही फिरवा, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) लागत नाही. दोष सॅडलचा नसतोच.

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पोल ते तारेचा तळ असं मोजायचं. स्ट्रॅट बनवणाऱ्या फेंडर कंपनीचं जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठीचं माप सहाव्या तारेखाली २.४ मिमी, पहिल्या तारेखाली २.० मिमी. आत्ता नेक ३.० आणि २.५, मधला २.७ आणि २.३, ब्रिज २.२ आणि १.८ वर आहे. नेक मुद्दाम खाली, कारण तिथे तार जास्त हलते आणि ओढही तिथेच जास्त जाणवते. इंची स्क्रूचा एक फेरा म्हणजे सुमारे ०.८ मिमी. एका वेळी अर्धा फेराच फिरवा, आणि दर वेळी सूर पुन्हा लावून मगच ऐका.

तिसरी तार अजून जरा मोठी वाजते. पोल उंच-सखल असलेला हा संच जुन्या काळच्या वेढेवाल्या तिसऱ्या तारेच्या हिशेबाने बेतलेला आहे, आज तिथे साधी तार असते. तो पोल दाबता येत नाही, म्हणून बारीक तारांकडची बाजू पाव-पाव फेरा खाली घेणं चालू आहे. आधीच कळलं असेल तर सपाट पोलचा संच घ्या.

पुढचं काम

ब्रिज पिकअपला टोनचा नॉब लागू नाही आणि अल्निकोवर तो आता बराच टोकदार वाटतो. स्विचच्या टोनकडच्या बाजूला ब्रिजची आणि मधल्याची पिन एका छोट्या वायरने जोडली की खालचा टोन दोघांना लागू होईल. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड आहे, तो ०.०२२ करून बघायचा आहे. त्यासाठी महागडा कपॅसिटर घेणार नाही. मीटरवर मोजलेली किंमत सारखी असेल तर दहा रुपयांचा पॉलिएस्टर तेच काम करतो.