कुणाकडून आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्याकडून.

ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. मुलीच्या आजारामागचा जनुकातला दोष आम्हा दोघांपैकी कुणाकडून आला, हा प्रश्न आठ वर्षांत मला लोकांनी लिफ्टमध्ये विचारलाय, शाळेच्या फाटकाशी विचारलाय, एकाने तर मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलो असताना विचारलाय. आवाज खाली आणून, आणि शेवटी ‘नाही, सहज आपलं’ असं जोडून. सहज कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याला आधी स्वतःचं घर मोजून घ्यायचं असतं.

मुलीच्या आजारपणाची हकीकत थोडक्यात सांगतो, फार उगाळत नाही. तीन वर्षांची होती, ताप होता, तिने चमच्याला ‘किल्ली’ म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो. रात्री तोंडाचा उजवा कोपरा उडायला लागला. हर्पीसचा विषाणू मेंदूत पोचला होता. एकवीस दिवस दर आठ तासांनी शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर. हे औषध नव्हतं तेव्हा या आजारात दहातले सात जण दगावत. ती वाचली. काही शब्द गेले ते गेलेच, झटक्यांच्या गोळ्या अजून चालू आहेत. बस.

पुढचा गैरसमज जरा सावकाश मोडतो, कारण त्याचा मला जास्त कंटाळा आलाय. ‘म्हणजे तिची प्रतिकारशक्ती कमी आहे ना?’ नाही. तिच्या पांढऱ्या पेशी मोजून झाल्या, अँटीबॉडी मोजून झाल्या, सगळं चोख. सर्दी-खोकल्याची साथ आली की घरात आधी मी आडवा होतो, ती नाही. बिघडलंय ते एक जनुक, टीएलआर-३. त्याच्याही दोनपैकी एकच प्रत आणि त्या प्रतीतलंही डीएनएचं एकच अक्षर. हे जनुक पेशीच्या आत एक पहारेकरी उभा करतं. विषाणू स्वतःच्या प्रती काढू लागला की दुपदरी आरएनए तयार होतो. पहारेकऱ्याला तो दिसला की पेशी इंटरफेरॉन नावाचं इशाऱ्याचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. रक्तातल्या पेशींना असला धोका ओळखायच्या आणखीही वाटा आहेत. मेंदूतल्या पेशी मात्र हर्पीसच्या बाबतीत बऱ्याच अंशी याच पहारेकऱ्यावर विसंबून असतात. म्हणून बाकी अंगाला काही नाही आणि घाव थेट मेंदूवर.

संशोधक जाँ-लॉराँ काझानोव्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे फ्रान्समधल्या दोन मुलांत दाखवून दिलं. त्या मुलांच्या घरांतही तोच बदल असलेली माणसं निघाली. हर्पीस होऊन गेलेली आणि ठणठणीत. ती ओळ मी अधोरेखित करून ठेवली आहे. त्या ओळीत मी आहे.

आणि ‘घरातली स्वच्छता’, ‘मुलांना लावलेल्या सवयी’ वगैरे सुचवणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास. १९८८ साली डेन्मार्कमधल्या ९६० दत्तक मुलांच्या कुटुंबांच्या नोंदी तपासल्या. जन्म देणाऱ्या आई-वडिलांपैकी कुणी पन्नाशीच्या आत संसर्गाने गेलं असेल, तर त्या मुलालाही संसर्गाने लवकर मरण येण्याचा धोका जवळजवळ सहापट होता. ज्यांनी वाढवलं त्यांच्या मृत्यूचा तसा काही संबंध दिसला नाही. घर कसं ठेवलंत याचं गणित तिथे चाललं नाही. (हा अभ्यास मी लोकांच्या तोंडावर फेकतो खरा, पण तो अखेर माझ्याच विरुद्ध साक्ष देतो, हे मला उशिरा सुचलं.)

आता मूळ गोष्ट. दीडेक वर्षं मी या प्रश्नाला वेगळंच उत्तर देत होतो, ते आज ऐका.

मुलीच्या रक्तात तो बदल सापडल्यावर आम्हा दोघांचं रक्त घेतलं. जेनेटिक काउन्सेलरने विचारलं, “कुणाकडून आलंय ते दोघांनाही कळायला हवंय ना? नको असेल तर आत्ताच सांगा.” मी लगेच ‘हो’ म्हणालो. मोठा विज्ञानवादी. बायको जरा थांबून ‘हो’ म्हणाली.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागणार होते. तेवढ्यात तिने एक वही केली. दोनशे पानी, रेघांची. डावीकडच्या पानावर तिच्या आईकडची माणसं, उजवीकडे वडिलांकडची. नावापुढे बारीक अक्षरात: ‘तापात झटके, पाचव्या वर्षी थांबले’. ‘लहानपणी गेला, कारण माहीत नाही’. रोज संध्याकाळी ती कुणाला ना कुणाला फोन लावायची. एका मावशीला तिने चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाळाबद्दल विचारलं आणि मावशी फोनवरच रडायला लागली. माझ्या बाजूची वही नव्हती. मी केली नाही, आणि मला ‘कर’ असं कुणी म्हणालंही नाही.

रिपोर्ट दुपारी पावणेदोनला ईमेलवर आला. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून उघडला. तक्त्यात तीन ओळी. मुलीपुढे ‘आढळला’. आईपुढे ‘आढळला नाही’. इथे एक आशा असते बरं का. कधीकधी असा बदल आई-वडील दोघांकडेही नसतो, मुलातच नव्याने घडतो. तिसरी ओळ वाचेपर्यंत मी त्या आशेवर होतो. वडिलांपुढे ‘आढळला’.

संध्याकाळी घरी आलो. मुलीच्या औषधांच्या वेळा सांभाळायला माझी आई आमच्याकडे येऊन राहिली होती. पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बायको वही घेऊन खाली बसली होती. आई म्हणाली, “अगं, नीट आठव. तुमच्याकडे कुणाला तरी असणार. आमच्यात कुणाला फिट आलेली मी तरी नाही पाहिली.”

“विचारतेय आई सगळ्यांना. मोठ्या मामींना फोन करायचा राहिलाय.”

फोन माझ्या खिशात होता. चार तास झाले होते. मी म्हणालो, “पंखा वाढवू का?”

पंखा वाढवू का! मला धक्का बसला होता, शब्द सुचत नव्हते, बायकोला एकटीला आधी सांगायचं होतं. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय आणि त्यात खोटं काही नाही. पण आईचं वाक्य ऐकून मला आतून बरं वाटलं, हेही खोटं नाही. त्या वाक्यात मी कुठेच नव्हतो. तिथे नसणं फार सुखाचं होतं. मी चार दिवस तिथे राहिलो. त्या चार दिवसांत बायकोने मोठ्या मामींना फोन केला.

पाचव्या दिवशी रात्री सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती वही घेऊन आली, शेवटचं कोरं पान काढलं आणि पेनासकट माझ्यापुढे सरकवली. “घे. आता तुझ्याकडची लिही.” मला आजोबांच्या भावांची नावंसुद्धा धड येत नव्हती.

एवढं झाल्यावर तरी मी सुधारलो असेन असं तुम्हाला वाटेल. बाहेर कुणी विचारलं की मी म्हणायचो, “दोघांकडून.” हे उत्तर मी उसनं घेतलं होतं. २०१५ साली फ्रान्समधल्या एका मुलीबद्दल वाचलं होतं. अडीच वर्षांची असताना साध्या इन्फ्लूएंझाने ती थेट व्हेंटिलेटरवर गेली. तिच्या आयआरएफ-७ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोघंही आई-वडील धडधाकट. किती सोयीचं! कुणाकडे बोट नाही. मी त्यांच्या घरातलं उत्तर उचलून आमच्या घरात लावलं. बायकोने मला चारचौघांत एकदाही खोडून काढलं नाही. तेव्हा तो तिचा समजूतदारपणा वाटला. आता वाटतं, मी किती दिवस चालवतो ते ती पाहत होती.

आईला सांगायला मला आणखी वेळ लागला. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, “मग तुझ्या बाबांकडून.” बाबांना जाऊन बारा वर्षं झाली आहेत. तिची तपासणी केली तर तेही कळेल, असं सुचवलं, तर म्हणते, “या वयात मला कशाला टोचून घ्यायला लावतोस?” त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यापाशी येऊन थांबलेला नाही, वरच्या मजल्यावर तसाच लोंबकळतोय.

मग कोरोना आला. २०२० साली ‘सायन्स’मध्येच एक पेपर आला: कोरोनाने जिवावर बेतलेल्या ६५९ रुग्णांपैकी साडेतीन टक्क्यांत इंटरफेरॉनच्या याच वाटेवरची जनुकं बिघडलेली सापडली. यादीत टीएलआर-३ होतं. म्हणजे या खेपेला पाळी माझी. मी खोलीत स्वतःला कोंडून घेतलं, बोटाला ऑक्सिमीटर लावून झोपलो. तीन दिवस ताप आला आणि उतरला. तेच अक्षर एकाला पाडतं आणि दुसऱ्याच्या वाटेला जात नाही, ते का, हे कुणाला अजून पुरतं उलगडलेलं नाही. ‘माझ्याकडून’ हे उत्तर खरं आहे, पण त्याने तिचा आजार समजतो असं समजू नका. माझ्याकडे जे आहे तेच तिच्याकडे आहे.

त्याच पेपरच्या जोडीला दुसरा होता: ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी निघाल्या. त्या १०१ मध्ये ९५ पुरुष. त्यांना विचारा की कुणाकडून आलं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या भावांच्या दोन जोड्यांत टीएलआर-७ बिघडलेलं सापडलं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला एक्स मिळतं ते आईकडून. हा पेपर मी आईला दाखवला नाही.

आणि निअँडरथल. हे मी हल्ली मुद्दाम सांगतो. कोरोना गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा एक तुकडा आपल्याकडे निअँडरथल मानवाकडून आलाय, असं ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पेबो या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. युरोपात साधारण १६ टक्के लोकांकडे तो आहे, दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे. तेव्हा मला विचारायला येताना वाटेत स्वतःच्या घरातही डोकावून या.

चिडलो. सोडा.

एक प्रश्न मात्र आजवर कुणीच विचारला नाही: विषाणू कुणाकडून आला? हर्पीसचा हा प्रकार, ओठावर फोड आणणारा, जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या अंगात असतो, मेंदूला मात्र वर्षाला दहा लाखांत दोन-चार जणांच्याच लागतो. तो कुणाकडूनही आला असेल. पण ताप आला की माझ्या ओठाच्या कडेला फोड येतो, कॉलेजपासून. ती आजारी पडली त्याच्या आदल्या महिन्यात आला होता का, आठवत नाही. त्या महिन्यातले फोटो मी बोटांनी मोठे करकरून पाहिलेत. एका फोटोत ती माझ्या कडेवर आहे, गालाला गाल लावून. माझ्या ओठाशी काहीतरी दिसतं. सावलीही असेल.

धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. त्याची तपासणी केलेली नाही. त्याच्याकडे ते अक्षर असण्याची शक्यता निम्मी. आठ वर्षांपूर्वीचा मी असतो तर दुसऱ्या दिवशी रक्त देऊन आलो असतो. कळलेलं बरं, म्हणालो असतो. बायको विचारते, कळल्यावर काय वेगळं करशील? लगेच दवाखाना गाठशील? तो तर न कळताही गाठशील. तिचं बरोबर आहे. आणि निकाल ‘नाही’ आला तर एक माणूस तरी रात्री झोपेल, हे माझंही बरोबर आहे. आम्ही दर काही महिन्यांनी हे भांडण काढतो आणि तिथेच ठेवतो.

कपाटाच्या दाराला आतून न्यूरॉलॉजिस्टचं पत्र चिकटवलेलं आहे. ताप आणि सोबत झटका किंवा वागण्या-बोलण्यात फरक दिसल्यास अ‍ॅसायक्लोव्हिर तात्काळ सुरू करावं, तपासणीच्या निकालासाठी थांबू नये. खाली मुलीचं नाव. गेल्या वर्षी धाकट्याला ताप भरला तेव्हा रात्री दोन वाजता मी ते पत्र काढून खिशात घातलं, चमचा घेतला आणि त्याच्या उशाशी जाऊन बसलो. त्याला हलवून चमचा डोळ्यांपुढे धरला.

“हे काय आहे?”

“चमचा, बाबा. झोपू दे ना.”

तासाभराने पुन्हा विचारलं.