गारठून हृदय थांबलेल्या रुग्णाचा सीपीआर: माझा अनुभव

गारठून हृदय थांबलेल्या रुग्णाला सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरवत ठेवणं, सुरू करताना पहिली चूक नाडी बघतानाच होते. शरीर 28 अंश सेल्सिअसखाली गेलं की ठोके इतके मंद आणि क्षीण होतात की नेहमीच्या दहा सेकंदांत ते हाताला लागतच नाहीत. म्हणून आम्ही पूर्ण एक मिनिट मानेची नाडी, श्वास आणि ईसीजी बघतो. ताठ अंग, विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून मृत्यू ठरवत नाही. नॉर्वेत 1999 साली बर्फाखालच्या पाण्यात अडकलेली एक तरुणी 13.7 अंशांवरून परत आली होती.

पुढचं सगळं तापमानावर ठरतं, त्यामुळे ते नीट मोजायला हवं. कानाचा इन्फ्रारेड थर्मामीटर इथे कुचकामी. श्वासनलिकेत ट्यूब टाकली की प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, अन्ननलिकेच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत सरकवायचा. तो वरच राहिला, तर ट्यूबमधल्या कोमट ऑक्सिजनमुळे आकडा फसवा, जास्त येतो.

30 अंशांखाली व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची नुसती थरथर, असेल तर जास्तीत जास्त तीन विजेचे शॉक. नंतर 30 ओलांडेपर्यंत पुढचा शॉक नाही. तोवर हृदयाला चालना देणारं अॅड्रेनालिनही नाही: थंड शरीरात औषधाचा निचरा होत नाही, ते साचतं. 30 ते 35 अंशांत दोन डोसांमधलं अंतर दुप्पट, म्हणजे 6 ते 10 मिनिटं. हात शिवशिवत असताना औषध न देणं फार जड जातं, पण तेच बरोबर आहे.

छातीदाबाचा वेग नेहमीचाच. छाती मात्र लाकडासारखी कडक असते, माणसं लवकर दमतात; मशीन असेल तर तेच लावा. वाट अवघड असेल आणि सलग सीपीआर अशक्य असेल, तर 28 अंशांखाली किमान 5 मिनिटं सीपीआर, मग जास्तीत जास्त 5 मिनिटं चाल, असं आलटूनपालटून करता येतं. ही सूट फक्त गारठलेल्या रुग्णाला, कारण थंड मेंदूची ऑक्सिजनची गरज खूप घटलेली असते.

ओले कपडे ओढू नका, कापून काढा. हातपाय चोळू नका. रुग्ण आडवाच ठेवा. जवळच्या दवाखान्यात थांबून वेळ घालवू नका, थेट एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर नेऊन गरम करून, ऑक्सिजन भरून परत देणारं यंत्र, असलेल्या ठिकाणी न्या. फक्त गरम सलाईनच्या पिशव्यांनी असं हृदय उबदार होत नाही.

तिथे पहिला प्रश्न रक्तातल्या पोटॅशियमचा. वय, लिंग, तापमान, सीपीआरचा कालावधी आणि आधी श्वास कोंडला होता का, यांबरोबर ते होप स्कोअरमध्ये घालून जगण्याची शक्यता काढतात. पोटॅशियम 12 मिलिमोल प्रति लिटरच्या पुढे असेल तर प्रयत्न थांबवण्याचा विचार होतो. पण नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असतील तर आकडा खोटा वाढतो. एका नमुन्यावर कुणाचं आयुष्य संपवू नका, दुसरा घ्या. हृदय चालू झालं तरी फुप्फुसांत पाणी भरण्याची भीती असते. एक्मो लगेच काढायची घाई नको.