केळदच्या वाटेवर क्लच सोडायला शिकलो

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं, नसरापूर, वेल्हे, मग पासलीवरून केळद. रस्ता डांबरीच आहे, पण खिंडीच्या अलीकडे एक मुरमाची वाट वर धनगरवाड्याकडे जाते आणि मित्राला (दोन वर्षं ऑफरोडिंग, म्हणजे कच्च्या वाटांवर गाडी चालवणं, करतोय, त्यामुळे जगातलं सगळं त्यालाच कळतं) तीच चढायची होती.

गाडी म्हणजे माझी मोटरसायकल, एक्सपल्स 200. पुढचं चाक 21 इंची, दगडधोंड्यांना घाबरत नाही, पण इंजिन 200 सीसीचंच, अर्ध्या चढावर जास्तीचा जोर मागितला की हात वर करते. म्हणून गिअर खालीच ठरवून यायचं, दुसरा. टायरची हवा कमी करून 20 पीएसआयवर आणली, तेवढीच पकड वाढते.

पहिल्यांदा बसूनच गेलो. निम्म्यात गाडी गुदमरली, घाईत पहिला टाकायला क्लच दाबला, होता नव्हता तो वेग गेला. खेळ खल्लास.

दुसऱ्यांदा उभा राहिलो, गुडघे टाकीला, छाती हँडलवर, नजर वरच्या झाडावर. मस्त चाललेलं, आणि सुट्या दगडांवर मागचं चाक फिरायला लागलं. तेव्हा थ्रॉटल (एक्सलरेटर) जरासा सोडायचा असतो, मी अजून पिळला, चाकाने तिथेच खड्डा खणला आणि गाडी बंद.

आता गंमत. पुढचा ब्रेक गच्च दाबलाय तरी गाडी मागे सरकतेय! चढावर वजन सगळं मागच्या चाकावर जातं, पुढचं हलकं पडतं, लॉक होऊनही मुरमावरून घसरत राहतं. खालून मित्र बोंबलतोय, "अरे क्लच सोड, क्लच!" आणि माझी डावी मूठ काही उघडेना, घाबरलं की माणूस धरतो ना, सोडत नाही. शेवटी एकेक बोट सुटलं आणि गाडी टक्कन थांबली. क्लच सोडला की इंजिन चाकाला जोडलं जातं, आणि गिअरमध्ये असलेलं बंद इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं.

मग चढाच्या बाजूला उतरलो, गाडी अंगावर कलती घेतली, क्लच चिमूटभर दाबत-सोडत मागे घेऊन आडवी केली, तोंड खाली वळवलं, आणि इंजिन बंद ठेवूनच पहिल्या गिअरवर खाली. दहा मिनिटं गेली, शर्ट पिळून निघाला.

तिसऱ्यांदा चढली. वर एक आजोबा शेरडं घेऊन बसलेले, सगळा तमाशा बघितला होता त्यांनी.

"ढकलत आणली असतीस तर मघाशीच पोचला असतास की रं."

मित्र अजून हसतोय.