आलेखांच्या आधीचे काम

अंधेरीच्या कार्यालयासाठी महापे येथील डेटा सेंटरमधल्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हरांवर प्रोमिथियस या प्रणालीची देखरेख बसवण्याचे काम नुकतेच पार पडले. हे आकडे चित्रांत मांडणाऱ्या ग्राफानाचे रंगीत आलेख वरिष्ठांना फार आवडतात; खरी मेहनत मात्र नेटवर्क आणि परवानग्या यांतच जाते.

प्रोमिथियस स्वतःच माहिती खेचून आणतो, त्यामुळे जोडणी कोणत्या दिशेने उघडायची हे आधी ठरवावे लागते. प्रत्येक डेटाबेस सर्व्हरवरच पोस्टग्रेस एक्स्पोर्टर (डेटाबेसचे आकडे प्रोमिथियससाठी मांडून ठेवणारा छोटा प्रोग्रॅम) चालवला, की देखरेखीच्या सर्व्हरला त्याचे ९१८७ हे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) पुरते. ५४३२ हे डेटाबेसचे पोर्ट त्याच्यासाठी खुले करण्याची गरजच उरत नाही. फायरवॉलचा (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेचा) नियमही पत्त्याच्या शेवटी /३२ लावून एकाच पत्त्यापुरता लिहावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर लगेच आले, तर बहुधा एक्स्पोर्टर बंद असतो किंवा केवळ लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच सर्व्हरच्या आतून येणाऱ्या जोडण्यांसाठी, ऐकत असतो. काहीच उत्तर न येता १० सेकंदांनी टाइमआउट झाला, तर फायरवॉल पॅकेट गिळत असल्याची शंका आधी घ्यावी. एवढे पाहून फोन केला, तरी नेटवर्कवाल्यांशी होणारी निम्मी वादावादी टळते.

एक्स्पोर्टरला सुपरयूजर (सर्व परवानग्या असलेला वापरकर्ता) करून मोकळे होण्याचा मोह आवरावा. २०१७ साली आलेल्या पोस्टग्रेसच्या १०व्या आवृत्तीपासून पीजी_मॉनिटर ही देखरेखीपुरत्या परवानग्यांची भूमिका तयारच मिळते आणि ती या कामाला पुरेशी आहे. एक्स्पोर्टरच्या वापरकर्त्याच्या कनेक्शनांवरही मर्यादा घालावी, कारण मुळात (काही न बदलता) १०० कनेक्शनांची मुभा असलेल्या डेटाबेसमध्ये देखरेखीनेच गर्दी करणे शोभत नाही. कोणत्या क्वेरीला किती वेळ लागतो याची नोंद ठेवणारे पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हवे असेल, तर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून त्याची परवानगी आधीच मागून ठेवलेली बरी.

प्रोमिथियस माहिती मुळात १५ दिवसच ठेवतो. महिनाअखेरच्या ताणाची मागच्या महिन्याशी तुलना करायची, तर ही मुदत वाढवावीच लागते.

उरतो प्रश्न दिव्याखालच्या अंधाराचा. देखरेखीचा सर्व्हर आम्ही महापे येथेच ठेवला, म्हणजे अंधेरीची जोडणी तुटली तरी माहिती साठत राहते. पण तोच बंद पडला, तर इशारा देणार कोण? म्हणून सतत चालू राहणारा एक अलर्ट अंधेरीतल्या वेगळ्या यंत्राकडे पाठवला जातो आणि तो यायचा थांबला, की ते यंत्र आम्हाला एसएमएस करते. प्रोमिथियसचे इशारे पुढे पाठवणारा अलर्टमॅनेजर तोच संदेश मुळात ४ तासांनीच पुन्हा पाठवतो. या एका अलर्टपुरता तो अवधी काही मिनिटांवर आणावा लागतो.