फुरसुंगी: गुंठ्यागुंठ्याने वाढलेलं गाव

पुण्याजवळच्या भेकराईनगरला लोक सर्रास हडपसरच समजतात. महसुली हद्द मात्र फुरसुंगीची. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर हा भाग बागायती झाला, मग हडपसरच्या कारखान्यांतल्या कामगारांना घरं हवी झाली. पुढे शेजारी मगरपट्टा ही टाउनशिप उभी राहिली, गावच्याच शिवारात आयटी पार्क आलं आणि शेतं विकली जाऊ लागली. एकरावर नव्हे, गुंठ्यावर.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. तुकडेबंदी कायद्यामुळे एवढासा तुकडा स्वतंत्र विकता येत नसे. त्यावर तोडगा ठरलेला: दहा-अकरा जणांनी मिळून एकच खरेदीखत करायचं. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतात, पण क्षेत्र सामाईक. कोणाचा तुकडा कुठला, हे फक्त स्टॅम्प पेपरवर. कर्जाला गेलं की बँक चतुःसीमा, म्हणजे तुकड्याच्या चारही बाजूंच्या हद्दी, विचारते आणि प्रकरण तिथेच अडतं. गुंठेवारी, म्हणजे असे तुकडे पाडून झालेली वस्ती, नियमित करणारा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. अरुंद बोळ मात्र कागदाने रुंद होत नाही.

खरी गोची पाण्याची. पहिलं घर जुन्या जमिनीच्या पातळीवर, शेजारचं दोन फूट भराव घालून, तिसरं त्याहून उंच. उतारच न राहिल्याने गटार टाकलं तरी तुंबतं आणि पावसाळ्यात पाणी पहिल्याच्या घरात. सेप्टिक टँक आणि बोअर एकाच गुंठ्यात, हे वेगळं सांगायला नकोच. त्यात उरुळी देवाचीच्या हद्दीवरचा पुण्याचा कचरा डेपो. विहिरी नासल्या आणि गाव टँकरवर आलं.

२०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेलेल्या अकरा गावांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. कर शहराचा, पाणी टँकरचंच, ओरड झाली. २०२२ मध्ये दोन्ही गावं वगळायचं ठरलं आणि २०२४ मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची नगरपरिषद झाली. माझ्या मते पाटी कोणाचीही असो, गुंठ्याचा गुंता तसाच आहे.

इथे घर बघताना फ्लॅटच्या टाइल्स नंतर बघा. आधी सातबारा आणि त्यावरचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), मग भूमी अभिलेखच्या मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा. ती नसेल तर विकणाऱ्यालाच मोजणी करून घ्यायला लावा, आणि विसार (आगाऊ रक्कम) त्यानंतरच.