श्रोता मंडळाचा मेळावा

आकाशवाणीचं सांगली केंद्र ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झालं. आमच्या तासगाव भागात ऑक्टोबर म्हणजे द्राक्षबागांच्या छाटणीचे दिवस, कुणाला मान वर करायची फुरसत नसते. तरी गावचं श्रोता मंडळ केंद्राच्या वर्धापनदिनाच्या आसपासच वार्षिक मेळावा घ्यायचं. लोक छाटणीची कात्री खिशात घेऊनच मारुतीच्या देवळापुढं येऊन बसायचे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तोवर घरोघरी ट्रान्झिस्टर आले होते, पण मंडळाची जुनी माणसं एकत्र बसूनच ऐकायची. एकट्यानं ऐकलं की विसरतं, असं मंडळातले आबा म्हणायचे. ही रीत त्यांनी शोधलेली नव्हे. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत हा प्रयोग केला होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असायचा. तो गावकऱ्यांनी मिळून ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि शंका केंद्राला कळवायच्या. आमचं मंडळही तसंच चालायचं. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर प्रश्न जायचा आणि उत्तरात गावाचं नाव आलं की चावडीवर दिवसभर तोच विषय.

मेळाव्याला केंद्रावरचे निवेदक आणि शेती विभागाचे साहेब यायचे. वर्षभर कानांनी ओळखलेली माणसं त्या दिवशी डोळ्यांना दिसायची. शाळेतली पोरं निवेदकांना गराडा घालून ‘हे आकाशवाणीचं सांगली केंद्र आहे’ एवढं एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची, आणि तेही न कंटाळता म्हणायचे. सकाळी नारळ फुटायचा, सत्कार भराभर उरकायचे. मग खरी गप्पांची बैठक बसायची. द्राक्षांवर दावण्या रोग आला तर बोर्डो औषध किती टक्क्यांचं मारायचं इथपासून ते एसटी वस्तीवर का थांबत नाही इथपर्यंत सगळं निघायचं. साहेब म्हणायचे, मला नका सांगू, माइकमध्ये सांगा. आणि ज्या बापयानं कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, तो खांद्यावरचा टॉवेल सारखा करून बोलायला उभा राहायचा. आपलं बोलणं जिल्हाभर ऐकलं जाणार, हा विश्वास त्या यंत्रानं दिला होता. मला तीच मेळाव्याची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

एका वर्षी केंद्राच्या लोकांनी खांद्याला अडकवायचा उहेर कंपनीचा टेपरेकॉर्डर आणला होता. जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायच्या होत्या. वरच्या आळीच्या आज्जींना पुढं बसवलं. त्या दोनदा सुरू झाल्या आणि दोनदा थांबल्या. ‘जातं न्हाई तर ओवी कुठनं यील, लेकरा?’ म्हणाल्या. मग दोघा जणांनी शेजारच्या घरातनं जातं उचलून आणलं, आक्कांनी सुपात जोंधळे आणले. आज्जींनी खुंटा धरला, घरघर सुरू झाली आणि ओव्या अशा वाहायला लागल्या की रीळ संपलं तरी त्या थांबेनात. निवेदकांनी माइक त्यांच्या तोंडापासून थोडा खाली, जात्याकडं वळवला होता. तो आवाजही हवा होता त्यांना.

काही दिवसांनी त्या ओव्या सांगली केंद्राच्या १२५१ किलोहर्ट्‌झवर लागल्या. आज्जींच्या सोप्यात बसायला जागा नव्हती. भाऊबीजेला न आलेल्या त्यांच्या लेकीनं मिरजेत तो आवाज ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं ती माहेरी आली.

पुढं टीव्ही आला, पोरं नोकरीला बाहेर पडली, मेळावा बंद पडला. पण मंडळाची वही अजून आबांच्या घरी आहे. कुणी काय विचारलं, केंद्राचं काय उत्तर आलं, सगळं तारीखवार. आकाशवाणी आता मोबाईलवरही ऐकता येते, म्हणजे ऐकायची अडचण कुणालाच नाही. मंडळात वाढलेल्या आम्हा काही जणांचं ठरलंय की यंदा छाटणीच्या दिवसांतच पुन्हा देवळापुढं बसायचं. वही वाचायला आबांची नात तयार आहे. गावाबाहेर असाल तर रजा आत्ताच टाका.